नुकसानीचा हिशेब कोणी ठेवायचा?

१२ जून २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका नोकरदार स्त्रीच्या दाव्यात दिलेला निकाल कष्टकऱ्यांच्या चळवळीने बारकाईने वाचावा असा आहे. ही स्त्री नोकरभरतीचा व्यवसाय करणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. २०१९च्या आरंभी ती तेथून बाहेर पडली आणि त्याच व्यवसायातील दुसऱ्या संस्थेत रुजू झाली. जुन्या मालकिणीने एका ग्राहकाला आणि या स्त्रीच्या नव्या मालकाला कळविले की, जुन्या ग्राहकांशी संपर्क साधून ती आपल्या करारातील अटींचा भंग करीत आहे. करारात तशी अटच नव्हती. विधान खोटे होते आणि खोटे आहे हे ठाऊक असूनच ते करण्यात आले होते. पाच वर्षे खटला चालला. अखेर पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने न्यायालय म्हणाले की, असे विधान करताना त्यातून आर्थिक नुकसान होण्याचा स्वाभाविक संभव होता, तेव्हा मालकीण कायद्याने दोषी आहे. मात्र प्रत्यक्षात नुकसान झाल्याचे आढळत नाही, म्हणून भरपाई केवळ नाममात्र मिळेल. आणि मनःस्तापाचे काय? आर्थिक नुकसानीतून उद्भवला नसेल, तर त्या मनःस्तापालाही काही किंमत नाही.

म्हणजे न्याय मिळाला, पण हातात काही पडले नाही. इंग्रजी कायद्याच्या चौकटीत हा निकाल तर्कशुद्ध आहे, हे मान्यच करावे लागेल. मात्र ही चौकट कोणासाठी उभारली गेली आणि तिच्यात कोण सुखाने मावतो, हा प्रश्न तर्कशुद्धतेने मिटत नाही. भारतातील न्यायालये या विषयात इंग्रजी न्यायतत्त्वांचाच आधार घेत असल्याने तो प्रश्न येथलाही आहे.

ज्याला बदनामी म्हणतात त्याहून हे अपकृत्य निराळे आहे. बदनामीत माणसाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतात, आणि अब्रू गेली की नुकसान झालेच असे कायदा पुष्कळ अंशी गृहीत धरतो. येथे चारित्र्याला कोणी बोटही लावलेले नसते. अमक्याने धंदा बंद केला, तमक्याच्या जमिनीवर माझे गहाण आहे, या मालात अमुक घटक आहे, अशी ही विधाने असतात. त्यांत कोणाला चोर म्हटलेले नसते, पण गिऱ्हाईक मात्र फिरकेनासे होते. याला अपायकारक असत्य किंवा द्वेषमूलक असत्य म्हणतात. यात वादीला तिन्ही गोष्टी स्वतःच शाबित कराव्या लागतात: विधान खोटे होते, ते दुष्टबुद्धीने केले गेले, आणि त्यामुळे आपले ठरावीक, मोजता येण्याजोगे नुकसान झाले. या तिसऱ्या गोष्टीला कायद्याच्या भाषेत विशेष नुकसान असे नाव आहे.

या नियमाचे मूळ जमीनदारीत आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये हे दावे सुरू झाले ते मालमत्तेच्या हक्काविषयी कोणी खोटे बोलल्याबद्दल. १५९० साली गाजलेल्या एका खटल्यात, एका सरदाराने आपली गढी आणि वतन भाडेपट्ट्याने देण्याची बोलणी चालविली असता, माझ्याकडे आधीचाच पट्टा आहे असे सांगून एका बाईने बनावट कागद पुढे केला आणि सौदा मोडला. मोडलेला सौदा हेच नुकसान, आणि त्याची रक्कम कागदावर लिहिलेली! अशा वादीला विशेष नुकसान दाखविणे अवघड नव्हते. महाराष्ट्रात हा प्रकार अनोळखी नाही. मराठी दैनिकांत रोज जमीनखरेदीच्या जाहीर नोटिशी प्रसिद्ध होतात. त्यांवर कोणीतरी खोटी हरकत घेतो, खरेदीदार घाबरून विसार परत मागतो, आणि व्यवहार फिसकटतो. तेथे विसारपावती असते, सात-बारा असतो, साक्षीदार असतात. मालमत्तेच्या नुकसानीला नेहमीच कागद असतो. कष्टाच्या नुकसानीला तो क्वचितच असतो.

हा पेच शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज न्यायमूर्तींनी ओळखला होता. वेल्समधील एका साप्ताहिकाने छापले की अमक्या बॉयलर बनविणाऱ्या कारागिराने आपला व्यवसाय बंद केला असून त्याची पेढी आता अस्तित्वात नाही. पेढी चालू होती. मजकुरात बदनामी नाही, असे ज्यूरीचे मत पडले. तो सद्‌भावनेने छापलेला नव्हता, असेही ज्यूरीनेच ठरविले. कारागिराने आपल्या धंद्यात एकंदर घट झाल्याचा पुरावा दिला, परंतु अमुक गिऱ्हाईक या बातमीमुळे गेले असे एकही नाव त्याला सांगता आले नाही. वर्तमानपत्राच्या वतीने अर्थातच हाच आक्षेप घेण्यात आला: नाव सांगता येत नसेल तर विशेष नुकसान कोठे आहे? १८९२ साली अपील न्यायालयात न्यायमूर्ती बोवेन यांनी तो फेटाळला. जे असत्य चारी दिशांना पसरविले गेले, त्यामुळे न आलेल्या गिऱ्हाइकाचे नाव वादीला कसे कळणार? जो आलाच नाही तो कोण होता, हे सांगण्याचा आग्रह त्यांनी पोकळ पांडित्यात जमा केला. कृत्याच्या स्वरूपाला शोभेल इतकाच नेमकेपणा पुराव्यात मागावा, असे त्यांनी ठरविले, आणि कारागिराला ज्यूरीने दिलेले १२० पौंड कायम राहिले.

निकाल उदार होता, यात संशय नाही. तरीही एक बारकावा नजरेआड होऊ देता कामा नये. त्या कारागिराजवळ हिशेबाच्या वह्या होत्या. आधीच्या आणि नंतरच्या उलाढालीची तुलना करता येत होती. बोवेन यांनी गिऱ्हाइकाच्या नावाची अट सैल केली, आकड्यांची नव्हे. ज्याची उलाढाल रोज सकाळी सुरू होते आणि रात्री चुलीत संपते, त्याच्यासाठी तो दरवाजा तेव्हा उघडला नाही आणि आजही उघडलेला नाही.

पुढे १९५२च्या कायद्याने इंग्लंडने आणखी एक पाऊल टाकले. लेखी किंवा कायम स्वरूपात केलेले, अगर एखाद्याच्या नोकरी-धंद्याला उद्देशून केलेले असत्य आर्थिक हानी करील असे असेल, तर विशेष नुकसान सिद्ध करण्याची गरज उरली नाही. २०२४च्या निकालाने या तरतुदीची मर्यादा दाखवून दिली: दोष सिद्ध होण्यापुरतीच ही सवलत आहे, पैसे मिळण्यासाठी पुन्हा हिशेब हवाच. भारतात तर तेवढीही सवलत नाही. १९५२चा तो कायदा येथे लागू नव्हता आणि त्या धर्तीची तरतूद संसदेने कधी केली नाही. साहजिकच व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मूळ नियमच येथील निकालपत्रांतून उद्धृत होत राहतो.

हा नियम प्रत्यक्ष आयुष्यात कसा लागतो, ते २०२० साली महाराष्ट्राने पाहिले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत, टाळेबंदीचा मागमूस नसताना, कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो अशी अफवा मोबाईलवरून गावोगाव गेली. दर कोसळले. कर्ज काढून शेड उभारलेल्या शेतकऱ्याला खाद्याचा खर्चही निघेना. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने ही समजूत निराधार असल्याचे जाहीर केले, पण तोवर पक्षी कवडीमोलाने गेले होते. येथे असत्य निर्विवाद होते आणि नुकसानही निर्विवाद होते. तथापि दावा कोणी लावायचा, आणि कोणावर? पाठविणारे लाखो होते आणि पहिला कोण ते अज्ञात. शिवाय अमुक शेतकऱ्याच्या अमुक कोंबडीविषयी कोणी काही बोललेच नव्हते.

एप्रिलमध्ये जे घडले ते याहून विषारी होते. मुस्लिम फळविक्रेते फळांना थुंकी लावून विकतात, असे सांगणाऱ्या, जुन्या आणि संदर्भ तोडलेल्या चित्रफिती देशभर फिरविल्या गेल्या. कित्येक वस्त्यांच्या फाटकांवर हातगाडीवाल्याला नाव विचारून परत पाठविण्यात आले. यामागे दुष्टबुद्धी होती हे सांगायला वकील लागत नाही. पण समजा, एखादा फळविक्रेता खरोखरीच न्यायालयाची पायरी चढला असता, तर प्रतिपक्षाच्या वकिलाने त्याला काय विचारले असते? मार्चमध्ये तुझी रोजची विक्री किती होती? वही कोठे आहे? घाऊक बाजारातून माल घेतल्याच्या पावत्या? आणि टाळेबंदीने सगळ्यांचाच धंदा बसला असताना तुझी घट अफवेमुळे किती आणि टाळेबंदीमुळे किती, हे वेगळे करून दाखव. यांतला एकही प्रश्न बेकायदा नाही, आणि एकाचेही उत्तर त्या माणसाजवळ नाही. त्याला फाटकावरून हाकलून देणाऱ्यांनी पावती थोडीच दिली होती?

आता दुसरे टोक पाहावे. २०१७ साली अमूलच्या एका जाहिरातीविरुद्ध हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. आइस्क्रीम दुधाचे असते आणि फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असते, असा त्या जाहिरातीचा रोख होता. कंपनीचे म्हणणे असे की आपल्या मालात वनस्पती तेले असतात, वनस्पती तूप नसते. जूनमध्ये न्यायालयाने त्या जाहिरातींना अंतरिम मनाई केली. जाहिरातीतील शब्द चुकीचा असेल तर तो थांबविणे गैर नाही, आणि अमूल हीही काही दुबळी प्रतिवादी नव्हे. प्रश्न पुराव्याच्या मापाचा आहे. अशा अर्जांत कंपनीला किती डबे कमी खपले हे मोजून दाखवावे लागत नाही. उलट, नावलौकिकाची हानी पैशात मोजता येत नाही, म्हणूनच ती भरून न येणारी आहे आणि म्हणूनच ताबडतोब मनाई हवी, असा युक्तिवाद होतो आणि तो स्वीकारला जातो. कंपनीचे नुकसान मोजता येत नाही, हे मनाई देण्याचे कारण ठरते. हातगाडीवाल्याचे नुकसान मोजता येत नाही, हे दावा फेटाळण्याचे! तांत्रिक उत्तर ठरलेले आहे: पहिला अर्ज मनाईचा, दुसरा दावा भरपाईचा. ते उत्तर बरोबरही आहे. पण अफवा सकाळी उठते आणि संध्याकाळपर्यंत माल नासतो, तेव्हा फळविक्रेत्याने मनाईचा अर्ज कोणाविरुद्ध आणि किती वाजता करायचा होता, याचे उत्तर त्यात नाही.

भारतात एकदा निराळा मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला होता, याचे स्मरण येथे करणे उचित ठरेल. समाजवादी विचारांचे न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ साली अनुचित व्यापारी प्रथांना आळा घालण्याची शिफारस केली. तीनुसार १९८४ साली मक्तेदारी नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्याच्या मालाविषयी खोटी, निंदाव्यंजक माहिती देणे ही अनुचित प्रथा ठरली. त्यासाठी एक आयोग होता आणि भरपाईचीही तरतूद होती. २००९ साली तो कायदाच रद्द झाला. त्याच्या जागी आलेल्या स्पर्धा कायद्यात अनुचित प्रथांचे प्रकरण नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात ती व्याख्या टिकून आहे, पण ज्याच्या मालाची निंदा झाली तो विक्रेता त्या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. उदारीकरणाच्या गडबडीत एक दार बंद झाले, आणि ते बंद झाल्याचे दुःख फारसे कोणाला झाले नाही, कारण मोठ्यांसाठी उच्च न्यायालयाचे दार उघडेच होते.

इंग्लंडमध्येही असेच एक दार उघडले आणि बंद झाले. तेथे बदनामीच्या दाव्यासाठी सरकारी कायदेसाहाय्य मिळत नसे. राजघराण्यातील एका राजकन्येच्या सेवेत असलेल्या स्त्रीवर एका दैनिकाने पत्रचोरीचा आरोप केला. पदरी पैसा नसल्याने तिने बदनामीऐवजी द्वेषमूलक असत्याचा दावा लावला, कारण त्यासाठी साहाय्य मिळू शकत होते. वर्तमानपत्राने हा न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग असल्याचे ओरडून सांगितले. १९९२ साली अपील न्यायालयाने ते मानले नाही आणि मोलकरणीचा दावा चालू ठेवला. १९९९च्या कायद्याने द्वेषमूलक असत्याच्या दाव्यांनाही साहाय्यातून वगळले.

आणि जेथे खोटे उघड बोललेच जात नाही, कानात सांगितले जाते, तेथे तर नुकसानीचा माग लागणे जवळजवळ अशक्य होते. ब्रिटनमधील बांधकाम कंपन्या कामगारांची एक गुप्त काळी यादी चालवीत होत्या. फेब्रुवारी २००९मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी त्या कचेरीवर छापा घातला तेव्हा ३,२१३ जणांची नावे सापडली. युनियनचे काम केले, सुरक्षिततेबद्दल तक्रार केली, अशा नोंदी त्यांत होत्या; खऱ्याही आणि खोट्याही. वर्षानुवर्षे ज्यांना काम मिळाले नाही, त्यांना ते का मिळत नाही हेच माहीत नव्हते. कागद सापडले म्हणून २०१६ साली मोठ्या कंपन्यांनी न्यायालयात माफी मागितली आणि भरपाई दिली. छापा पडला नसता तर या माणसांजवळ पुराव्यादाखल रिकामे पोट तेवढे होते.

मग उपाय कोणता? नुकसान सिद्ध करण्याची अटच काढून टाकावी, असे भाबडेपणाने म्हणणे सोपे आहे. ती अट सरसकट गेली, तर तिचा पहिला लाभ कोण उठवील याचा विचार कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. कीटकनाशक उत्पादकांच्या महासंघाने कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर लिहिणाऱ्या राजस्थान पत्रिकेला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले होते. ओडिशातील धामरा बंदर आणि समुद्री कासवांच्या प्रश्नावरून ग्रीनपीसने एक उपरोधिक संगणकीय खेळ काढला, तेव्हा टाटा सन्सने १० कोटी रुपयांची मागणी केली. २००९ साली पहिला दावा फेटाळला गेला आणि २०११ साली दुसऱ्यात मनाई नाकारली गेली, हे न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या विवेकाचे फळ होय. पण दाव्याचा खर्च, हेलपाटे आणि धाक हीच शिक्षा असते, याचा अनुभव युनियनचे पत्रक काढणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला आहे. शाबितीचा भार हलका झाला, तर उद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर शंका घेणाऱ्या ऊसकऱ्याला कोट्यवधीच्या दाव्याची नोटीस येईल.

अडचण याहूनही खोल आहे. पत्रिकेचा बचाव झाला तो मुख्यतः या तत्त्वावर की लेख कोणा एका उत्पादकाविषयी नव्हते आणि अनिश्चित समूहाला दावा लावता येत नाही. कोंबडीपालकाला आणि मुस्लिम फळविक्रेत्याला दारातून परत पाठविणारे तत्त्वही हेच आहे. एकाच कुंपणाने वर्तमानपत्राचे रक्षण होते आणि गरिबाची वाट अडते. तेव्हा कुंपण पाडण्यापेक्षा फाटक कोठे ठेवावे याचा विचार केला पाहिजे.

असत्य आणि दुष्टबुद्धी या दोन गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी वादीवरच राहावी. तीत सवलत नको, कारण टीकेचे स्वातंत्र्य त्यांवर उभे आहे. तिसऱ्या गोष्टीत मात्र वादी कोण आहे हे पाहावे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने आपले नुकसान जमाखर्चानिशी दाखवावे, मनाईच्या अर्जातसुद्धा. मोलमजुरी, फेरी, लहान शेती किंवा पगार यांवर जगणाऱ्याच्या बाबतीत, असत्य आणि द्वेष सिद्ध होताच उपजीविकेची हानी गृहीत धरली जावी आणि ती झाली नाही हे प्रतिवादीने दाखवावे. कायद्यापुढे सर्व समान असताना असा भेद करता येईल काय, हा आक्षेप येणारच. ब्रिटनने २०१३ सालीच बदनामीच्या कायद्यात नफेखोर संस्थेला गंभीर आर्थिक हानी दाखविण्याची वेगळी अट घातली. ऑस्ट्रेलियात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला साधारणतः बदनामीचा दावाच लावता येत नाही. भारतातील सगळा कामगार कायदा मालक आणि मजूर यांना एका मापाने मोजण्यास नकार देऊनच उभा राहिला आहे. जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच माहितीतील असेल ती त्यानेच शाबित करावी, हे तत्त्वही साक्षीपुराव्याच्या कायद्यात पहिल्यापासून आहे. काळ्या यादीत काय लिहिले आणि कोणाला कळविले, हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक असणार?

कायदा बदलेपर्यंत पुष्कळ काळ जाईल. तोवर हातगाडी आणि पथारी संघटनांना एक काम हाती घेता येईल, आणि ते कंटाळवाणे आहे हे कबूल केले पाहिजे. मोबाईलवरून पैसे घेण्याची सोय आता भाजीच्या टोपलीपर्यंत पोहोचली आहे, त्यामुळे ज्याच्याजवळ कधी वही नव्हती त्याच्या विक्रीची निदान अर्धीमुर्धी नोंद बँकेत तयार होते. उरलेल्या रोखीच्या विक्रीसाठी संघटनेने साप्ताहिक नोंदवही ठेवावी, घाऊक बाजारातील पावत्या जपाव्यात, आणि एखाद्या सोसायटीने किंवा वस्तीने विक्रेत्याला अडविले की तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. पथविक्रेत्यांच्या २०१४च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. त्या प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत ठराव मांडावा की, समितीने प्रत्येक विभागातील विक्रेत्याची सरासरी दैनिक विक्री दर वर्षी नोंदवून प्रमाणित करावी, म्हणजे न्यायालयात वही मागितली गेली की निदान तो कागद पुढे करता येईल.